लहान देशाचा नकार

भूतानची लोकसंख्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा कमी आहे. २०१७ च्या जनगणनेत ती सव्वासात लाखांच्या आसपास भरली. क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम आठवा हिस्सा, आणि त्यातही बहुतेक डोंगर आणि जंगल. उत्तरेला चीन, बाकी तिन्ही बाजूंना भारत. चीनशी भूतानचे राजनैतिक संबंधच नाहीत. अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्सशीही नाहीत. त्यामुळे राजधानी थिंफूतल्या कोणत्याही सरकारसाठी परराष्ट्र धोरण म्हणजे मुख्यतः दिल्लीशी असलेले नाते. पेट्रोल तिथून, तांदूळ तिथून, सिमेंट, औषधे, कर्ज आणि विजेचे गिऱ्हाईकही तिथलेच. आपल्याकडे मात्र भूतानची आठवण दोनदाच होते. एकदा चीनलगतच्या डोकलामची बातमी आली की, आणि एकदा उन्हाळी सुटीच्या सहली ठरू लागल्या की.

एवढ्या असमान जोडीची मैत्री पाऊणशे वर्षे टिकली आणि एकंदरीत सुधारतच गेली, ही दक्षिण आशियात दुर्मीळ गोष्ट आहे. ती का टिकली, हाच या पुस्तकाचा विषय. ठरावीक उत्तर असे दिले जाते की भारताने पैसा दिला, रस्ते बांधले, शाळा आणि दवाखाने उभारले. हे सगळे खरे आहे, पण रस्ते आणि दवाखाने आपण नेपाळमध्येही बांधले. भूतानच्या बाबतीत वेगळे घडले ते असे, की या लहान देशाला वेळोवेळी नकार देता आला आणि दिल्लीने बहुतेक वेळा तो मानला. जिथे मानला नाही तिथे कटुता आली, आणि ती निस्तरायला वर्षे लागली. पुस्तकातले सगळे लेखक माझ्याशी सहमत नाहीत. दोघांनी तर भूतानच्या सुरक्षेची गरज हेच खरे कारण मानले आहे. पण मी वाचकाला हाच धागा हातात देऊन आत पाठवू इच्छितो.

इंग्रजांनी या नात्याचा सांगाडा घडवला. १८६४-६५ च्या दुआर युद्धानंतर सिंचुलाचा तह झाला. भूतानने पायथ्याचा सुपीक दुआर प्रदेश गमावला, बदल्यात वार्षिक ५० हजार रुपये मिळू लागले. १९१० च्या पुनाखाच्या तहात ही रक्कम एक लाख झाली आणि परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिशांचा सल्ला मानण्याचे कलम आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगमध्ये स्वतंत्र भारताने भूतानशी करार केला. वार्षिक रक्कम पाच लाख झाली, देवानगिरीचा ३२ चौरस मैलांचा टापू भूतानला परत दिला गेला, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले गेले. पण सल्ल्याचे कलम तसेच राहिले, दुसऱ्या क्रमांकावर. साम्राज्य गेले, त्याचे वाक्य मात्र आपण पुढे चालवले. भूतानच्या मनातला सल तिथेच होता.

त्या सलावर पहिली फुंकर घालण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९५५ ते १९६१ या काळात गंगटोकला भारताचे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेट या तिन्हींचे काम त्यांच्याकडे होते. औंध म्हणजे बहात्तर गावांचे संस्थान. तिथे त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला होता. लहान राज्याची अस्मिता काय असते आणि मोठ्या सत्तेच्या प्रतिनिधीपुढे बसताना तिथल्या माणसाच्या मनात काय चालते, हे अप्पासाहेबांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते. गंगटोकच्या त्या खुर्चीवर पूर्वी बसणारे ब्रिटिश अधिकारी हुकूम पाठवत. अप्पासाहेब बौद्ध मठांतून फिरले, साधना समजून घेतली, राजाशी बरोबरीच्या नात्याने बोलले.

सप्टेंबर १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू भूतानला गेले, बरोबर इंदिरा गांधी होत्या आणि अप्पासाहेबही. नेहरूंचे वय तेव्हा सत्तरीला टेकलेले. भारतातून भूतानमधल्या पारोला जायला गाडीरस्ताच नव्हता. मंडळी गंगटोकहून निघाली, चौदा हजार फुटांवरची नाथू ला खिंड ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरली, यातुंगला चिनी अधिकाऱ्यांचा पाहुणचार घेतला आणि तिथून खेचरे, याक आणि पायी अशा प्रवासाने भूतानमध्ये पोहोचली. भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या मित्रदेशात जाण्यासाठी चीनच्या ताब्यातल्या मुलखातून जावे लागले. पारोतल्या भाषणात नेहरूंनी लोकांना सांगितले की भूतानने स्वतंत्र राहावे, आपला मार्ग आपण निवडावा, हीच भारताची इच्छा आहे. कराराचे दुसरे कलम कागदावर होते तसेच राहिले. पण एवढ्या मोठ्या देशाचा पंतप्रधान इतके दिवस खडतर वाट तुडवून आला आणि हे बोलला, याचे मोल तिथल्या राजाने, जिग्मे दोरजी वांगचुक यांनी, ओळखले.

पुढच्याच वर्षी ल्हासामध्ये उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि भूतानने तिबेटकडचा शतकानुशतकांचा व्यापार बंद केला. देशाने तोंड दक्षिणेकडे वळवले. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, तिचा खर्च पूर्णपणे भारताने उचलला. त्याच वर्षी सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प उभा राहिला आणि भारताच्या सीमेवरचे फुंटशोलिंग ते थिंफू हा रस्ता कोरायला सुरुवात झाली. ज्या वाटेला खेचरांच्या तांड्याबरोबर पाच-सहा दिवस लागत, ती काही तासांची झाली. रस्ता खणताना कड्यांवरून कोसळून आणि दरडींखाली कितीतरी मजूर आणि जवान मेले. त्या रस्त्यावरून जाताना दंतकच्या पिवळ्या पाट्या दिसतात. पर्यटक त्यांच्यावरची सुभाषिते वाचून हसतात आणि पुढे जातात. त्यांनी जरा थांबायला हवे असे मला मनापासून वाटते.

२१ सप्टेंबर १९७१ रोजी भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तो भारताच्या पाठिंब्याने. ज्या देशाचे परराष्ट्र धोरण आपल्या सल्ल्याने चालावे असे करारात लिहिले आहे, त्यालाच जगाच्या व्यासपीठावर स्वतंत्र खुर्ची मिळवून देण्यात आपण मदत केली. मग १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झाले आणि थिंफूत धस्स झाले. सिक्कीमचे राजघराणे भूतानला परके नव्हते. आज त्यांची, उद्या आपली, ही शंका अनेकांच्या मनात आली असणार. तरीही चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी भांडण काढले नाही. त्यांनी हळूहळू अंतर आखून घेतले. १९७९ च्या हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत कंबोडियाच्या जागेच्या प्रश्नावर भूतानने भारताच्या विरुद्ध बाजू घेतली. दिल्लीला ते रुचले नाही, पण मदत थांबली नाही, धमकी गेली नाही. त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या या संयमाचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

अखेर ८ फेब्रुवारी २००७ रोजी नवा करार झाला. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आणि नुकतेच गादीवर आलेले पाचवे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी दिल्लीत सह्या केल्या. सल्ल्याचे कलम गेले. त्याजागी दोन्ही देश राष्ट्रीय हिताच्या बाबतीत निकट सहकार्य करतील आणि आपली भूमी एकमेकांविरुद्ध वापरू देणार नाहीत, असे आले. शस्त्रे आयात करण्याबाबतचे निर्बंधही सैल झाले. दुसऱ्याच वर्षी भूतानमध्ये राज्यघटना लागू झाली आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या. चौथ्या राजाने लोकांनी न मागता सत्ता सोडली होती. औंधच्या माणसाला हा प्रसंग नवा नव्हता. अप्पासाहेब तो पाहायला राहिले नाहीत, याची हळहळ वाटते.

इथे नेपाळकडे एकदा पाहून घ्यावे. १९५० चा भारत-नेपाळ करारही असाच जुना, त्यातल्या कलमांवर नेपाळचीही अशीच तक्रार. दोन्ही देशांनी नेमलेल्या नामवंतांच्या गटाने २०१८ मध्ये अहवाल तयार केला. तो स्वीकारलाच गेला नाही. २०१५ च्या भारतीय सीमेवरच्या नाकेबंदीची जखम काठमांडूत अजून ओली आहे. भूतानशी जे २००७ मध्ये जमले ते नेपाळशी का जमत नाही, याची उत्तरे पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहेत, म्हणून इथे थांबतो.

लहान देश फक्त घेतो आणि मोठा देतो, हा समज खोटा ठरवणारी एक घटना प्रत्येक भारतीयाला माहीत असायला हवी. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या सशस्त्र फुटीर संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते आणि तिथून आसाम व उत्तर बंगालमध्ये हल्ले होत. भूतानने वर्षानुवर्षे बोलणी करून पाहिली. १५ डिसेंबर २००३ रोजी काही हजारांच्या त्या लहान सैन्याने कारवाई सुरू केली, राजा स्वतः आघाडीवर गेला, आणि सुमारे तीस तळ उद्ध्वस्त झाले. त्यात भूतानचे सैनिक मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोरजी वांगमो वांगचुक यांनी थिंफूहून पुनाखाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोचुला खिंडीत, १०८ छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, उभारले. पांढऱ्या भिंती, लाल पट्टा, दगडी पाख्यांची छपरे, टेकडीभोवती तीन स्तरांत रचलेले. हवा स्वच्छ असली की मागे हिमशिखरांची रांग दिसते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून मोटरसायकलवर गेलेला एक पर्यटक यातल्याच एका छोर्तेनवर चढला आणि त्याने छायाचित्र काढून घेतले. ते भूतानभर पसरले. पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावले, त्याने माफी मागितली, प्रकरण मिटले. पण ज्या दगडांवर तो उभा राहिला, ते आसाम-बंगालमधल्या माणसांचे जीव वाचवणाऱ्या मोहिमेत पडलेल्या जवानांचे स्मारक आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सहलीच्या माहितीपत्रकात दोचुलाबद्दल ‘निसर्गरम्य’ एवढाच शब्द असतो. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये भूतानच्या संसदेने भारतीय पर्यटकांवरही दिवसाला १,२०० रुपये शुल्क बसवले. तोवर आपल्याला काहीच द्यावे लागत नव्हते. आपल्याकडे काहींनी त्यावर नाराजी व्यक्त केली. वाढत्या गर्दीने डोंगर आणि मठ झिजत असताना पाहुण्याकडून थोडे शुल्क मागण्यात कृतघ्नता कसली? त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यातला मोटार वाहतूक करार नामंजूर केला होता, कारण बाहेरच्या ट्रकांचा भार आपले रस्ते आणि हवा सोसणार नाहीत अशी भीती होती. भारताने उरलेल्या देशांबरोबर काम पुढे नेले आणि भूतानसाठी दार उघडे ठेवले. हे शहाणपणाचे वागणे होते.

२०१३ मध्ये मात्र ते शहाणपण सुटले. आदल्या वर्षी रिओमध्ये भूतानचे पंतप्रधान जिग्मे थिनले चीनचे पंतप्रधान वन ज्याबाव यांना भेटले होते आणि दिल्लीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. जुलै २०१३ च्या सुरुवातीला, भूतानमध्ये मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, स्वयंपाकाच्या गॅसवरचे आणि रॉकेलवरचे भारतीय अनुदान बंद झाले. कारण तांत्रिक सांगितले गेले: पंचवार्षिक योजनेची मुदत जूनअखेर संपली होती. सिलिंडरची किंमत दुपटीहून वर गेली. थिंफूतल्या स्वयंपाकघरात तो आकडा समजायला कोणाला राजनीती शिकावी लागली नाही. १३ जुलैच्या मतदानात थिनले यांचा पक्ष हरला, त्शेरिंग तोबगे यांच्या पक्षाला ४७ पैकी ३२ जागा मिळाल्या आणि अनुदान लवकरच परत सुरू झाले. थिनले यांच्या पराभवाला इतरही कारणे होती. पण भूतानची नवी लोकशाही दुसऱ्याच निवडणुकीत असताना तिच्यावर शेजाऱ्याच्या हाताची सावली पडली, असे तिथे पुष्कळांना वाटले, आणि तसे वाटणे हेच नुकसान होते. मी तेव्हाही हे चूक मानत होतो, आजही मानतो.

आता विजेकडे येतो. पुस्तकातला हा भाग सर्वात लांब आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण नात्याची खरी हिशेबवही इथेच आहे. १९७४ मध्ये चुखा प्रकल्पाचा करार झाला. ३३६ मेगावॉटचा हा प्रकल्प १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वीज देऊ लागला. भारताने ६० टक्के रक्कम अनुदान म्हणून आणि ४० टक्के कर्ज म्हणून दिली, भूतानच्या वापरानंतर उरलेली सगळी वीज विकत घेण्याची हमीही दिली. कुरिछू ६० मेगावॉटचा, ताला १,०२० मेगावॉटचा, तेही याच सूत्रावर. वीजविक्रीतून भूतानने शाळा चालवल्या, मोफत उपचार दिले. शेजारी देशांतल्या भागीदारीचे याहून चांगले उदाहरण आशियात शोधून सापडणार नाही.

मग सूत्र उलटले. पुनात्सांगछूच्या पहिल्या प्रकल्पाला ६० टक्के कर्ज आणि ४० टक्के अनुदान, मांगदेछू आणि पुनात्सांगछूच्या दुसऱ्या प्रकल्पाला ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान, आणि कर्ज सुमारे १० टक्के व्याजाने. २०२० पर्यंत दहा हजार मेगावॉट उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. त्या वर्षी चार प्रकल्प मिळून २,१३६ मेगावॉट चालू होते. १,२०० मेगावॉटच्या पहिल्या पुनात्सांगछू प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे साडेतीन हजार कोटींचा. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला, काम वर्षानुवर्षे रखडले आणि खर्च नऊ हजार कोटींच्या पलीकडे गेला. जागा निवडणारे, आराखडा करणारे आणि कंत्राट घेणारे बहुतेक भारतीय; कर्जाचा बोजा भूतानच्या नावावर. शिवाय या नद्यांवरचे प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात पाणी आटते आणि भूतान भारताकडूनच वीज विकत घेतो.

या प्रकल्पांचा चलनावरही परिणाम होतो. भूतानचा ङुल्ट्रम १९७४ पासून भारतीय रुपयाशी एकास एक जोडलेला आहे. फुंटशोलिंगच्या बाजारात गांधीजींचे चित्र असलेली नोट बिनदिक्कत चालते; सीमेपलीकडे जयगावात ङुल्ट्रम घेताना दुकानदार कधी कधी का-कू करतो. प्रकल्पांचे साहित्य, मजूर, डिझेल, घरबांधणी, मोटारी या सगळ्यांसाठी रुपये लागतात. २०११ च्या अखेरीस भूतानला २० कोटी डॉलर विकून रुपये घ्यावे लागले. २०१२ मध्ये तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने रुपयांच्या वाटपावर आणि मोटारी व घरांच्या कर्जांवर लगाम घातला. प्रत्यक्ष रुपया भूतान छापू शकत नाही, हा साधा मुद्दा आपल्या वृत्तपत्रांतल्या मैत्रीच्या बातम्यांत कधी येत नाही.

करोनाच्या साथीत या अवलंबनाची दोन्ही तोंडे काही महिन्यांत दिसली. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डच्या दीड लाख मात्रा मुंबईहून भूतानला रवाना झाल्या. भारताच्या लसमदतीचा पहिला लाभ भूतान आणि मालदीवला मिळाला. मार्चमध्ये आणखी चार लाख गेल्या. २७ मार्चला लसीकरण सुरू झाले आणि दोन आठवड्यांत तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पात्र प्रौढांना पहिली मात्रा मिळाली. मग आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली. आपल्या घरात माणसे प्राणवायूविना मरत होती, त्यामुळे दोष देण्याचा प्रश्नच नाही. भूताननेही दिला नाही, उलट आसामला प्राणवायू पाठवण्याची तयारी दाखवली. पण दुसऱ्या मात्रेसाठी त्यांना अमेरिका आणि डेन्मार्कसारख्या देशांकडे हात पसरावा लागला, आणि जुलैत ती मिळाली. एकाच दारावर सगळे अवलंबून असू नये, हा धडा तिथल्या कोणत्याही जबाबदार सरकारने घेतला असेल, तर त्यात भारताविरुद्ध काही नाही.

चीनबरोबरच्या सीमेबाबत हीच दृष्टी हवी. १९८४ पासून भूतान आणि चीन यांची बोलणी चालू आहेत. उत्तरेचा जास्त प्रदेश सोडतो, पश्चिमेचा डोकलामसह लहान तुकडा द्या, असा सौदा चीनने १९९० च्या दशकात पुढे केला होता. भूतानने तो घेतला नाही. डोकलामखाली सिलिगुडीची अरुंद पट्टी आहे, ईशान्य भारताला जोडणारी. आपल्या सीमेचा प्रश्न इतकी वर्षे अनिर्णित ठेवण्यात भूतानने आपल्या सुरक्षेचा विचार केला, ही मोठी किंमत आहे. २०१७ मध्ये डोकलामला ७३ दिवस दोन सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हाही थिंफूने ठाम पण मोजके शब्द वापरले. २०२१ मध्ये त्यांनी चीनशी तीन टप्प्यांचा आराखडा मान्य केला, तेव्हा आपल्या दूरचित्रवाणीवर काहींनी गळा काढला. सीमा निश्चित करणे हा कोणत्याही स्वतंत्र देशाचा हक्क आहे. त्यांनी तो दिल्लीला विश्वासात घेऊन बजावावा असे आपल्याला वाटणे रास्त आहे, आणि तसे त्यांनी बव्हंशी केलेही आहे.

या मैत्रीच्या हिशेबात एक काळी बाजू आहे, आणि ती न लिहिता प्रस्तावना संपवली तर अप्रामाणिकपणा होईल. १९९० च्या सुमारास दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक ल्होत्शांपा समाजातल्या एक लाखाच्या आसपास लोकांना घर सोडावे लागले. ते भारतातून नेपाळमध्ये गेले आणि दोन दशके छावण्यांत राहिले. पुढे बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी सामावून घेतले. भारताने हा भूतान आणि नेपाळमधला प्रश्न आहे असे म्हणून हात झटकले. दोन राज्यांची मैत्री अबाधित राहिली, तिची किंमत या माणसांनी मोजली.

वाचकांना एक विनंती आहे. दरवर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशी मदतीच्या रकान्यात सर्वात मोठा आकडा भूतानचा असतो; अलीकडे तो दोन हजार कोटींच्या वर आहे, आणि २०२४ ते २०२९ या तेराव्या योजनेसाठी दहा हजार कोटी रुपये देऊ केले आहेत. हा आपला पैसा आहे. तो दिला म्हणून अभिमान वाटून घेण्याआधी, त्यातले अनुदान किती, कर्ज किती, व्याज किती, आणि पुनात्सांगछूच्या डोंगराचा वाढीव खर्च कोणी भरायचा, हे प्रश्न आपल्या खासदारांना विचारा. भूतानला जाणार असाल तर तिथल्या माणसांशीही यावर बोला. ते मोकळेपणाने बोलतात, आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत मराठीत आजवर फारच थोडे पोहोचले आहे.